पाव मिलिग्रॅमचा पाहुणा

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ११.२०

पाहुणा आला!

थेट लघुग्रहावरून. यानाने तिथे जाऊन माती खरवडली, ती पृथ्वीवर आणली, आणि त्या मातीतला एक कण (फक्त एक!) चाळीस दिवसांसाठी आमच्या प्रयोगशाळेत मुक्कामाला आला आहे. ११ ऑक्टोबरला परत पाठवायचा. वजन ०.२६ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम पाव. आकार खसखशीपेक्षा लहान. वय साडेचार अब्ज वर्षं. खोका मात्र एवढा, की दोघांनी धरून वर आणला. कणाला हवा लागता कामा नये म्हणून खोक्यात डबा, डब्यात डबी, डबीत कुपी आणि कुपीत नायट्रोजन. आमच्या लग्नातला आहेरसुद्धा असाच बांधलेला होता. आत शेवटी चमचाच निघाला होता, ते सोडा.

या ऐतिहासिक प्रसंगी नवी वही सुरू करत आहे. पुढे कधी कोणी माझं चरित्र लिहायला घेतलंच तर त्या बिचाऱ्याची धावपळ नको. अर्थात ही वही फक्त माझ्यासाठी आहे.

संकल्प: १. चहात साखर बंद. २. लिफ्ट बंद. ३. कनिष्ठांचं रोज दहा मिनिटं ऐकून घेणे. ४. चाळीस दिवसांत शोधनिबंध.

विभागप्रमुख ९ ऑक्टोबरला निवृत्त होतात. त्या खुर्चीसाठी दोन नावं चर्चेत आहेत. एक माझं. दुसरं खड्डेवाल्याचं. तो चंद्रावरचे खड्डे मोजतो. गेली वीस वर्षं मोजतोय. माणूस वाईट नाही, पण खड्ड्यात काय असतं? काही नसतं, म्हणून तर तो खड्डा.

संध्याकाळी ५

चहा घेतला. साखर होती. आजचा दिवस आनंदाचा असल्यामुळे मोजत नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

मुंगीबद्दल लिहायला हवं. मुंगी म्हणजे आमची कनिष्ठ संशोधक. खरं नाव वेगळं, पण अख्खा विभाग तिला मुंगीच म्हणतो आणि ती रागावत नाही. कारण ती तशीच आहे. एकेक कण चिमट्यात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेते, सांडत नाही, बोलत नाही. तिचं कंत्राट १५ ऑक्टोबरला संपतं. पाहुण्यावरचं काम नीट झालं तर दोन वर्षांची मुदतवाढ, नाही तर घरी. घरी म्हातारे वडील आहेत, आणि मुंगी एकटीच कमावती.

मी तिला धीर दिला. म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना. ती म्हणाली, हो सर, तेच तर. किती विश्वास!

४ सप्टेंबर, बुधवार

संकल्प क्र. ३ अमलात आणला. मुंगीचं पूर्ण वीस मिनिटं ऐकलं. दोन पेट्यांबद्दल काहीतरी सांगत होती. आमच्याकडे दोन हातमोजे-पेट्या आहेत. पेटी काचेची, आत नायट्रोजन, बाहेरून रबरी हातमोज्यांत हात घालून आत काम करायचं. एक नंबरची माझ्या खोलीत, दोन नंबरची पलीकडे मुंगीच्या खोलीत. एकीत अमुक, दुसरीत तमुक, आधी पंधरा दिवस हे, मग ते. मी त्या वेळी मनात पत्रकार परिषदेतलं पहिलं वाक्य जुळवत होतो. पण मान मात्र वेळच्या वेळी हलवली. मोठ्या माणसाचं हेच लक्षण. शेवटी तिने नोंदवही पुढे केली, मी तीन ठिकाणी सह्या केल्या.

ऐकून घेतल्याने माणसं कशी खुलतात! जाताना म्हणाली, सर, तुम्ही एवढ्या लवकर मान्य कराल असं वाटलं नव्हतं.

वाक्य असं: ‘मित्रहो, आज मी तुमच्यासमोर एक कण ठेवणार आहे, आणि एक प्रश्न.’ प्रश्न अजून सुचलेला नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

पाहुण्याचं प्रथम दर्शन! एक नंबरच्या पेटीत, काचेच्या बशीत, काळाकुट्ट. सूक्ष्मदर्शकातून अर्धा तास बघत बसलो. काय ते तेज, काय तो काळेपणा! अवकाशाचा सगळा अंधार त्याच्यात उतरलाय. सामान्य माणसाला हा रस्त्यावरच्या खडीचा तुकडा वाटेल. पण पारखायला नजर लागते.

वजन केलं. ०.४१ मिलिग्रॅम. सोबतच्या कागदावर ०.२६ लिहिलंय. एवढी मोठी अंतराळ संस्था आणि साधा तराजू धड नाही.

मुंगीने दारातून डोकावून विचारलं, सराव कसा चाललाय सर? सराव! सव्वीस वर्षं झाली मला या धंद्यात. पण हसून सोडून दिलं. तरुण माणसांना शब्द जपून वापरायचं भान नसतं.

९ सप्टेंबर, सोमवार

लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावर पोचायला नऊ मिनिटं लागली. दुसऱ्या मजल्यावर खड्डेवाला भेटला, दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. घाई हा उथळपणाचाच एक प्रकार आहे.

उतरताना लिफ्टने. संकल्प चढण्याबद्दलचा होता.

बायकोचं औषधांचं दुकान आहे. दिवसभर गोळ्या मोजते, त्यामुळे तिला लहान वस्तूंबद्दल आदर वाटेल असा माझा समज होता. तिला पाहुण्याची सगळी कहाणी सांगितली. ती म्हणाली, अहो, एवढीशी वस्तू तुमच्या हातात दिलीच कशी? तुम्हाला मागच्या महिन्यात स्वतःची गाडी सापडत नव्हती. मी सांगितलं, गाडीला सूक्ष्मदर्शक नसतो. मग म्हणाली, बरं, पण तुमच्या सगळ्या शर्टांच्या बाह्यांना हे काळं काळं काय लागतंय? धुऊन जात नाही. मी म्हटलं, विज्ञान. ती शर्ट पुन्हा भिजत घालायला गेली.

१२ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी १

आज डायरेक्टर साहेब प्रयोगशाळा पाहायला आले. मागोमाग खड्डेवाला. मुंगी नव्हती, वडिलांना दवाखान्यात नेलं होतं.

साहेब पेटीवर वाकून म्हणाले, काचेतून काही दिसत नाही हो. आता एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी बशी बाहेर काढली. फक्त अर्ध्या मिनिटासाठी. साडेचार अब्ज वर्षं टिकलेल्याला अर्ध्या मिनिटाने काय होणार, असा शास्त्रीय विचार त्यामागे होता. टेबलावर ठेवली, हात पसरून म्हटलं, साहेब, ही आपल्या सूर्यमालेची पहाट!

हात पसरताना बशीला किंचित धक्का लागला असावा.

साहेब म्हणाले, वा. ते कणाकडेच बघत आहेत असं त्यांना वाटत होतं. बशी रिकामी होती. मी लगेच झाकण लावलं आणि सगळ्यांना चहाला घेऊन गेलो. खड्डेवाला मागे वळून वळून बघत होता.

दुपारी ३.४०

सापडला! सतरा मिनिटांत! टेबलावरच होता, माझ्या खुर्चीच्या हाताशेजारी. लहान, काळा. बघताक्षणी ओळखला. आईला आपलं मूल हजारांत ओळखू येतं, तसंच हे. बशीत घातला, बशी पेटीत, पेटीला कुलूप.

कोणाला सांगण्याची गरज नाही, कारण काही झालंच नाही. मग चार बिस्किटं खाल्ली. बिस्किटांत साखर असते, पण संकल्प चहातल्या साखरेबद्दल आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

वजन केलं. ०.०९.

सकाळभर विचार केला. उत्तर सोपं आहे. अर्धं मिनिट हवा लागल्यामुळे त्यातले उडून जाणारे घटक उडून गेले. पाऊण भाग उडून गेला म्हणजे मूळचा पाहुणा बहुतांशी वायूचाच बनलेला होता. हा शोध आहे! अपघातातूनच मोठे शोध लागतात. आणि हा अपघातही नव्हता.

१६ सप्टेंबर, सोमवार

आज इन्फ्रारेड यंत्रावर पहिलं मोजमाप. पदार्थातून प्रकाश पाठवला की आत कोणकोणते रेणू आहेत ते आलेखावर शिखरांसारखे उभे राहतात. दगड असेल तर ठराविक ठेंगणी शिखरं येतात. माझ्या आलेखावर कार्बन आणि हायड्रोजनची शिखरं कागदाच्या बाहेर गेली! नवा कागद घ्यावा लागला.

सेंद्रिय पदार्थ! लघुग्रहावर! ठासून भरलेले! मुंगीला सांगावंसं वाटलं, पण ती तिच्या खोलीत दार लावून होती, दारावर ‘मोजमाप चालू आहे’ अशी पाटी. काय मोजते कोण जाणे. माझ्याकडचा आलेख पाहून न्यूनगंड यायचा, म्हणून गेलो नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

क्लोरीन सापडलं. क्लोरीन म्हणजे मीठ. मीठ म्हणजे समुद्र!

लघुग्रहावर समुद्र होता.

जेवताना घरी जाहीर केलं. बायको म्हणाली, समुद्राचं राहू द्या, आधी नळ दुरुस्त करणाऱ्याला फोन करा, स्वयंपाकघरात पाणी साठलंय. मोठे शोध लावणाऱ्यांच्या घरी नेहमी असंच झालं असावं.

२० सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी १०

आज जास्त ताकदीच्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. लिहितानाही विश्वास बसत नाही. पाहुण्याच्या एका बाजूला जाळी आहे. उभे धागे, आडवे धागे, एकाआड एक. अगदी ताणाबाणा. निसर्गाचं विणकाम! अवकाशातल्या शून्य गुरुत्वाकर्षणात रेणू आपोआप असे रांगेत बसतात, असं मी प्रतिपादन करणार आहे.

दुपारी २.१५

लेसर मारला. किंचित धूर निघाला. आणि वास! मी पृथ्वीवरचा पहिला माणूस आहे ज्याने लघुग्रहाचा वास घेतला. सायकलच्या दुकानात येतो तसा काहीसा. अवकाशाला सायकलच्या दुकानाचा वास येतो हे कोणाला तरी ठाऊक होतं का?

खड्डेवाला नाक मुरडत आला. काही जळतंय का, विचारलं. मी म्हटलं, तुझ्या आशा. (हे मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, नाही.)

२३ सप्टेंबर, सोमवार

मुंगी आज पुन्हा, सर, सराव कसा चाललाय? मी शांतपणे सांगितलं की माझ्याकडे असे निकाल आले आहेत की जग तोंडात बोटं घालेल. ती हसली. म्हणाली, सरावाच्या कणावर? मी म्हटलं, तुझ्या वयात मीही सगळ्याला सरावच म्हणायचो. ती आणखी काही विचारणार, तेवढ्यात तिच्या यंत्राची घंटी वाजली आणि ती पळाली.

तिच्यासाठी वाईट वाटतं. एवढी मेहनत करते, पण माझ्या निबंधात तिला काय जागा द्यावी? ‘साहाय्य’ असं लिहीन. मुदतवाढीला तेवढं पुरेल. शेवटी तिला सांभाळणं माझंच काम.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पाठवला!

मेल. थेट अंतराळ संस्थेला, आणि डायरेक्टर साहेबांना त्याची प्रत. पाच पानं. सेंद्रिय पदार्थ, क्लोरीन, समुद्र, विणकाम, वास. मुंगीला आधी दाखवणार होतो, पण ती दुपारी जेवायला गेली होती, आणि इतिहास जेवणासाठी थांबत नाही. शेवटी लिहिलं, ‘या निष्कर्षांमुळे आपली पाठ्यपुस्तकं बदलावी लागतील, त्याबद्दल दिलगीर आहे.’

येताना जिन्याने उतरलो. प्रमुख झाल्यावर खोलीत पडदे कोणत्या रंगाचे लावावेत याचा विचार करत होतो. गर्द निळे.

३० सप्टेंबर, सोमवार

उत्तर नाही. तिकडे खळबळ माजली असणार.

१ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ९.५०

उत्तर आलं. चार ओळी. माझ्या निकालांवरून कणात बाहेरचा पदार्थ मिसळल्याची दाट शंका येते, सर्व मोजमापं ताबडतोब थांबवावीत, कण गुरुवारपर्यंत परत रवाना करावा.

हेवा. दुसरं काय?

मुंगीला सांगायला गेलो. म्हटलं, बघ, घाबरले. तिने मेल वाचला, पुन्हा वाचला, मग खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर. मी पाणी आणलं. तिने घेतलं नाही. तिचा आवाज कधीच मोठा नसतो, आज नेहमीपेक्षाही लहान झाला. म्हणाली, सर, तुम्ही कोणता कण मोजलात?

संध्याकाळी ६

लिहायलाच हवं. वही माझीच आहे.

एक नंबरच्या पेटीत सरावाचा कण होता. साध्या खडीचा. अशा मौल्यवान नमुन्याला हात लावण्याआधी तेवढ्याच आकाराच्या साध्या कणावर हात बसवायचा, अशी पद्धत आहे. सगळीकडे आहे, मलाही माहीत आहे, मी इतरांना शिकवलीही आहे. खरा पाहुणा पहिल्या दिवसापासून दोन नंबरच्या पेटीत, मुंगीकडे आहे. हे सगळं तिने मला चार तारखेला सांगितलं होतं. नोंदवहीत लिहिलं आहे. खाली माझ्या तीन सह्या आहेत. सह्या सुंदर आल्या आहेत.

मी म्हटलं, म्हणजे मी सरावाचा कण मोजला, एवढंच ना? सरावाच्या कणातही समुद्र— मुंगीने मला गप्प बसायला सांगितलं. आजवर असं कधी घडलं नव्हतं. मग तिने माझी बशी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. पाच सेकंद बघितलं. मग माझ्या बाहीकडे बघितलं. मग माझ्या खुर्चीकडे.

माझ्या खुर्चीच्या हातांचं रेक्झिन गेली दोन वर्षं सोलवटतंय. काळी टरफलं पडतात, त्यांत क्लोरीन असतं. मागच्या बाजूला कापडाचं अस्तर आहे. विणलेलं.

मी ती खुर्ची बदलू दिली नव्हती, कारण ती ज्येष्ठ शास्त्रज्ञांनाच मिळते.

मुंगीचं शेवटचं मोजमाप बाकी आहे. क्ष-किरणांचं मोठं यंत्र तिला ७ आणि ८ ऑक्टोबरला मिळालंय. त्या यंत्रासाठी तिने वर्षभर आधी नंबर लावला होता. ते झालं की तिचं काम पूर्ण. कण गुरुवारी गेला तर काम अर्धं राहील, आणि १५ तारखेला तिचं कंत्राटही संपेल. ती हे सगळं रडत सांगत नव्हती, तेच जड गेलं. रडली असती तर मी धीर दिला असता.

२ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ८

उपाय एकच आहे. त्यांना कळवायचं, की मी जे मोजलं तो तुमचा कण नव्हताच. मग शंका मिटते आणि कण ठरलेल्या तारखेपर्यंत इथे राहतो.

हे अशा रीतीने कळवता येईल की कोणाची प्रतिष्ठा उणावणार नाही. ‘कोणाची’ म्हणजे संस्थेची.

दुपारी १२

मसुदा पहिला, तीन पानं. ‘प्रयोगशाळेच्या परिसरातील एका बहुवारिकाच्या अनपेक्षित सहभागामुळे...’ वाचून बघितला. बरा वाटला. यातून असं सूचित होतं की बहुवारिकाने (म्हणजे रेक्झिनमधल्या प्लॅस्टिकने) पुढाकार घेतला.

दुपारी ४

मसुदा दुसरा. ‘यंत्रांची अचूकता तपासण्याच्या हेतूने मुद्दाम निवडलेल्या स्थानिक पदार्थावर...’ हा जास्त चांगला आहे. यात मी दूरदृष्टीचा वाटतो. मुंगीला दाखवला. तिने वाचून परत दिला. म्हणाली, सर, ते पुन्हा विचारतील कोणता पदार्थ, मग तुम्ही पुन्हा लिहाल, तोवर गुरुवार होईल. उद्याच गुरुवार आहे.

रात्री जेवताना

बायकोला सगळं सांगून दोन्ही मसुदे दाखवले. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं वाचून तिला एक सवय झाली आहे, मधलं सगळं सोडून औषधाचं नाव तेवढं शोधते. म्हणाली, यात खुर्ची कुठे आहे? मी म्हटलं, ती गृहीत आहे. तिने पेन घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूला एक ओळ लिहिली: ‘मी मोजलं ते माझ्या खुर्चीचं रेक्झिन होतं.’

मी म्हटलं, अगं, सव्वीस वर्षं आहेत माझी. एका ओळीत जातील. ती म्हणाली, मुंगीची दोन वर्षं आहेत, आणि म्हातारे वडील आहेत. मग भात वाढला आणि म्हणाली, अहो, लोक हसतील, दोन दिवस हसतील. तुम्ही तरी कोणाला जास्त दिवस लक्षात राहता?

हे दिलासा म्हणून म्हणाली असावी.

३ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ७.१०

पाठवला. एक ओळ. तिचीच. फक्त पुढे जोडलं: ‘खरा कण पहिल्या दिवसापासून माझ्या सहकारी संशोधिकेच्या पेटीत सुरक्षित आहे, त्याला मी हातही लावलेला नाही. सोबत तिची नोंदवही.’ डायरेक्टर साहेबांना प्रत. बटण दाबताना डोळे मिटले होते. उघडल्यावर काही बदललं नव्हतं, खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

दुपारी १२.३०

उत्तर आलं. कण नियोजित तारखेपर्यंत राहू द्यावा. नोंदी उत्तम आहेत. खाली एक ओळ, त्यांच्या नमुना-विभागाच्या प्रमुख बाईंकडून: ‘आमच्याकडे एकाने एकदा तीन महिने पेन्सिलीचं टोक मोजलं होतं.’

मी ही ओळ चारदा वाचली. फार थोर बाई असाव्यात.

मुंगीला सांगायला गेलो. तिने दोन्ही हात पेटीत घातलेले होते, त्यामुळे नुसती मान वळवली आणि हसली. मोठ्याने हसली. ती हसते तेव्हा तिचा चष्मा खाली घसरतो, आणि हात पेटीत असल्यामुळे तो वर करता येत नाही. मी वर केला. महिनाभरात तिला झालेली माझी ही पहिली मदत.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळ्या विभागाला कळलं. उपाहारगृहात मी बसायच्या आधी कोणीतरी खुर्ची पुसून दिली. खड्डेवाला मात्र हसला नाही. शेजारी येऊन बसला, म्हणाला, त्या दिवशी बशी रिकामी झालेली मी पाहिली होती. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, वाटलं तुम्ही सांगाल.

माणूस वाईट नाही हे मी सुरुवातीलाच लिहिलं होतं.

संध्याकाळी डायरेक्टर साहेबांनी बोलावलं. पाच मिनिटं खिडकीकडे तोंड करून उभे होते, खांदे हलत होते. मला वाटलं संतापले. वळले तेव्हा डोळे पुसत होते. म्हणाले, सूर्यमालेची पहाट! आणि पुन्हा वळले.

८ ऑक्टोबर, मंगळवार

मोजमाप पूर्ण! मुंगीने दोन दिवस त्या मोठ्या यंत्राच्या खोलीत काढले. मी तिच्या वडिलांना दवाखान्यात घेऊन गेलो, तिचा डबा पोचवला आणि एक नळी धरून उभा राहिलो. नळी कशाची होती ते विचारलं नाही, फक्त धरली. मुंगी म्हणाली, सर, छान धरलीत.

पाहुण्यात काय निघालं ते तिने समजावलं. मी खरोखर ऐकलं, मध्ये मध्ये विचारलंही. मातीची खनिजं निघाली आहेत, पाण्याशिवाय न बनणारी. म्हणजे एके काळी तिथे थोडं पाणी होतं. समुद्र नव्हे, ओलावा. तिने हे अगदी जपून सांगितलं, ‘बहुधा’ हा शब्द सहा वेळा वापरून. मी असतो तर एकदाही वापरला नसता.

९ ऑक्टोबर, बुधवार

खड्डेवाला प्रमुख झाला. टाळ्या वाजवल्या. बऱ्यापैकी जोरात वाजवल्या. त्याने पहिलाच हुकूम काढला, मुंगीची मुदतवाढ. दुसरा हुकूम माझ्याबद्दल: प्रयोगशाळा बघायला शाळांच्या सहली येतात, त्यांना यापुढे मी माहिती द्यायची. हे अत्यंत जबाबदारीचं काम आहे. पोरांसमोर कोणालाही उभं करून चालत नाही.

घरी आल्यावर मात्र निळ्या पडद्यांचा नमुना खिशातून काढून कचऱ्यात टाकला. वाईट वाटलं. बरंच वाईट.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

पाहुणा गेला.

कुरियरवाला तीनला येणार होता. पावणेतीनला मुंगी माझ्या खोलीत आली. म्हणाली, सर, बघायचाय? मी म्हटलं, कोण? मग लक्षात आलं. चाळीस दिवस मी ज्याच्याबद्दल बोललो, लिहिलं, भाषणं जुळवली, त्याला मी एकदाही पाहिलं नव्हतं.

दोन नंबरच्या पेटीसमोर गेलो. तिने सूक्ष्मदर्शक लावून दिला आणि सांगितलं, हात मागे. मी हात मागे बांधले. दोन मिनिटं मिळाली. पाहुणा काळाकुट्ट नव्हताच. तपकिरी, एका कडेला जरा करडा, मध्ये बारीक भेग, भेगेशेजारी एक पांढुरका ठिपका. तेज वगैरे काही नाही. शेतात ढेकूळ पडलेलं असतं तसा गप्प पडला होता. डोळ्यांत पाणी आल्यामुळे शेवटची वीस सेकंदं वाया गेली.

मग मुंगीने तो कुपीत ठेवला, कुपी डबीत, डबी डब्यात, डबा खोक्यात. कुरियरवाल्याने विचारलं, एवढ्या मोठ्या खोक्यात काय आहे? नेहमी अशा प्रश्नाला मी वीस मिनिटं घेतो. आज मुंगीने सांगितलं. तो म्हणाला, बरं, इथे सही करा.

घरी आलो. बायकोने विचारलं, पाहिलात का अखेर? कसा होता?

मी म्हटलं, लहान होता.

ती म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि पानं घेतली.

तपकिरी होता, हे सांगायचं राहून गेलं.